‘एखादा नेपोलियन हवा’ म्हणण्यापूर्वी
(मंडळाच्या मासिक सभेत ग्वाल्हेर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रविवारी सकाळी आपल्या मंडळात जमणारी मंडळी राजकारणावर बोलू लागली, की चहाचा दुसरा कप येईपर्यंत कोणीतरी म्हणतोच, “या देशाला एखादा नेपोलियन हवा होता.” आम्हीही हे म्हटलेले आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, नेपोलियनच घेऊ. ज्याला आपण इतक्या वेळा आमंत्रण देतो तो माणूस आला कसा, त्याने दिले काय आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे एकदा नीट पाहून ठेवावे.

आपल्या पिढीला शाळेत शिकवले गेले की ‘अशक्य’ हा शब्द नेपोलियनच्या शब्दकोशात नव्हता. गोष्ट साधारण खरी आहे. जुलै १८१३ मध्ये त्याच्या एका सेनापतीने कळवले की सांगितलेले काम होण्यासारखे नाही. त्यावर नेपोलियनने लिहिले की असा शब्द फ्रेंच भाषेत बसत नाही. पण पुढचे आपल्याला कोणी सांगितले नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी लाइपझिगला त्याचा दारुण पराभव झाला आणि नऊ महिन्यांनी, एप्रिल १८१४ मध्ये, त्याला गादी सोडावी लागली. सेनापतीचेच म्हणणे बरोबर असावे!

आता हा मूळचा कोण? आपल्यासारख्या, राज्याच्या भाषेहून घरची भाषा वेगळी असलेल्या लोकांना यात गंमत वाटेल. कॉर्सिका बेट फ्रान्सने जिनोआच्या प्रजासत्ताकाकडून १७६८ साली, जवळजवळ विकतच, घेतले. दुसऱ्या वर्षी, १५ ऑगस्ट १७६९ रोजी, अजाक्सियो गावी हा जन्मला. नाव नापोलिओने बुओनापार्ते. घरची बोली इटालियन वळणाची. फ्रेंच भाषा तो नऊ वर्षांचा झाल्यावर शिकला. ब्रिएनच्या लष्करी शाळेत मुले त्याच्या उच्चारांची टिंगल करीत. फ्रेंच शुद्धलेखन तर त्याला जन्मभर जमले नाही. तरुणपणी तो कॉर्सिकाच्या स्वातंत्र्याचा कट्टर अभिमानी होता. पण बेटावरच्या राजकारणात बिनसले आणि १७९३ मध्ये सगळे कुटुंब घरदार सोडून फ्रान्समध्ये आले. १७९६ साली इटलीच्या मोहिमेवर निघताना त्याने आडनावातला ‘उ’ काढून टाकला आणि बोनापार्त झाला. सत्ता हाती आल्यावर त्याने कॉर्सिकाच्या भाषेसाठी किंवा स्वायत्ततेसाठी काही केले का? नाही. उलट फ्रान्सचा कारभार त्याने इतका पॅरिसकेंद्री केला की प्रत्येक जिल्ह्यावर पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट आणि गावोगावचे महापौरही वरून नेमलेले. परका ठरवला गेलेला मुलगा मोठेपणी परक्यांचा वाली होतो, अशी आपली समजूत असते. तिला इतिहासात फारसा आधार सापडत नाही.

मुख्य गोष्टीकडे येऊ. नेपोलियन सत्तेवर आला तो केवळ तलवारीने नव्हे. १७९९ साली फ्रान्सची जी अवस्था होती ती ध्यानात घेतल्याशिवाय त्याचा उदय समजत नाही. दहा वर्षे क्रांती चाललेली. क्रांतीने छापलेल्या कागदी नोटांची किंमत मातीमोल होऊन १७९६ मध्ये त्या रद्द झाल्या. १७९७ मध्ये सरकारने आपल्या कर्जापैकी दोनतृतीयांश रक्कम एका फटक्यात बुडवली. रस्त्यांवर दरोडे, सीमेवर युद्ध, निवडणूक झाली आणि निकाल आवडला नाही की डिरेक्टरीचे सरकार तो निकालच रद्द करी. सामान्य माणूस कंटाळला होता. त्याला स्वातंत्र्यही नको होते आणि राजाही नको होता. भाकरीचा भाव स्थिर हवा होता. अशा वेळी इटलीत लढाया जिंकलेला, तिसाव्या वर्षीच नाव गाजलेला सेनापती इजिप्तमधून परत आला. आपली फौज तिकडेच टाकून आला होता, पण ते कोणी मनावर घेतले नाही.

९ आणि १० नोव्हेंबर १७९९ या दोन दिवसांत सत्तापालट झाला. दुसऱ्या दिवसाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. पॅरिसबाहेर सँ-क्लू येथे लोकप्रतिनिधींची सभा भरवली होती. नेपोलियन आत बोलायला गेला तर सभासदांनी ‘हुकूमशहाला हाकला’ म्हणून गिल्ला केला, त्याला धक्काबुक्की केली, आणि रणांगणावरचा हा वीर गोंधळून बाहेर आला. डाव सावरला तो त्याचा धाकटा भाऊ ल्युसियाँ याने. तो त्या सभेचाच अध्यक्ष होता! त्याने बाहेर उभ्या असलेल्या शिपायांना सांगितले की आत खंजीरवाल्यांनी सभा वेठीस धरली आहे. नगारे वाजले, शिपाई आत घुसले, सभासदांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. रात्री त्यांपैकी जे सापडले त्यांना गोळा करून सगळे रीतसर मंजूर करून घेतले. हे ‘रीतसर’ महत्त्वाचे आहे. नेपोलियनला आयुष्यभर रीतसरपणाची फार हौस होती.

मग नव्या घटनेवर लोकांचे मत घेतले. गुप्त मतदान नव्हे. वहीत नाव घालून, सही करून ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचे. फेब्रुवारी १८०० मध्ये निकाल जाहीर झाला: बाजूने ३० लाख ११ हजार ७, विरुद्ध १ हजार ५६२. हे आकडे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे पुस्तकांतून छापले गेले. १९७२ साली क्लोद लांग्लुआ या फ्रेंच इतिहासकाराने दप्तरखान्यातली मूळ कागदपत्रे पुन्हा मोजली. तेव्हा दिसले की ‘हो’ म्हणणारे प्रत्यक्षात पंधरा लाखांच्या आसपास होते. सैन्याला विचारलेच नव्हते. त्यांची पाच लाख मते धरून चालले. उरलेली गृहमंत्र्यांच्या कचेरीत वाढली. गृहमंत्री कोण? पुन्हा ल्युसियाँ.

आता एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. खरे आकडे जाहीर केले असते तरी नेपोलियन प्रचंड बहुमताने जिंकलाच असता. मग खोटे कशासाठी? कारण लाखो लोक घरी बसून राहिले, हे त्याला दाखवायचे नव्हते. विरोधकापेक्षा गप्प बसलेल्या माणसाची त्याला जास्त भीती होती, असे आम्हाला वाटते.

वर्तमानपत्रांचेही तसेच. १७ जानेवारी १८०० च्या हुकुमाने पॅरिसच्या ७३ राजकीय पत्रांपैकी ६० एका दिवसात बंद झाली, १३ उरली. १८११ पर्यंत चार राहिली. आपली ही चार पानांची पत्रिका, तिची वर्गणी वेळेवर येत नाही म्हणून आपण रडतो. त्या काळच्या पॅरिसात ती पहिल्याच यादीत गेली असती.

असो. पण या माणसाला नुसता हुकूमशहा म्हणून निकालात काढले तर तेही खोटे होईल. चार-पाच वर्षांत त्याने जे उभे केले ते पाहून थक्क व्हायला होते. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स, १८०२ मध्ये लिसे नावाच्या सरकारी माध्यमिक शाळा, १८०१ मध्ये पोपशी करार करून धर्मावरून दहा वर्षे चाललेले भांडण मिटवले. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे २१ मार्च १८०४ ची नागरी संहिता, कलमे २२८१. त्यापूर्वी फ्रान्सच्या उत्तरेत रूढींचा कायदा आणि दक्षिणेत रोमन कायदा. प्रांत बदलला की वारसाहक्क बदले. चार कायदेपंडितांनी मसुदा केला आणि चर्चेच्या बैठकांपैकी निम्म्याहून अधिक बैठकांत नेपोलियन स्वतः अध्यक्षस्थानी बसला. रात्र रात्र चर्चा चाले. कायद्यापुढे सर्व पुरुष समान, जन्माने मिळणारे विशेषाधिकार संपले, मालमत्तेचा हक्क पक्का, मुलगा थोरला असो वा धाकटा, मुलगी असो, वाटणी समान. त्याच्या फौजा जिथे गेल्या तिथे ही संहिता गेली. फौजा परतल्या, संहिता बेल्जियममध्ये, इटलीत, ऱ्हाइनकाठी राहिली.

ही पत्रिका गोव्यातल्या आपल्या बंधूंकडेही जाते. त्यांना याचा परिचय घरबसल्या आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता याच फ्रेंच वळणाची. ती गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू राहिले, आणि लग्न, वारसा या बाबतीत त्याच संहितेचा वारसा गोव्यातली हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान कुटुंबे आजवर वापरत आली. म्हणजे पणजीच्या नोंदणी कचेरीत लग्नाची सही करणाऱ्या नवरानवरीचा नेपोलियनशी दूरचा संबंध आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण संहितेची दुसरी बाजू बघा. आम्ही मघाशी ‘सर्व पुरुष समान’ म्हटले, ते जाणूनबुजून. कलम २१३ प्रमाणे पत्नीने पतीची आज्ञा पाळायची. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला मालमत्ता विकता येत नव्हती, कोर्टात उभे राहता येत नव्हते. क्रांतीने स्त्रियांना जे थोडेफार दिले होते तेही यात गेले. फ्रेंच विवाहित स्त्रीला स्वतःची कायदेशीर ओळख १९३८ मध्ये मिळाली, आणि नवऱ्याला न विचारता नोकरी धरण्याचा व बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ मध्ये. मजुराची तीच कथा. मजुरीच्या रकमेवरून वाद झाला तर मालकाचा शब्द प्रमाण, असे संहितेत चक्क लिहिलेले होते. हे आमच्या सभेतल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे, आणि भावांनीही.

याहून काळे पान गुलामगिरीचे. फ्रेंच क्रांतीने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. नेपोलियनने २० मे १८०२ च्या कायद्याने ती कायम ठेवण्याचा आणि पुन्हा आणण्याचा मार्ग खुला केला. एकदा मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा गुलाम करणे, याला तुलना सापडणे कठीण. त्या वेळी सँ-दोमिंग, म्हणजे आजचे हैती, ही साखरेची सर्वांत श्रीमंत वसाहत. तिथे तुसाँ लूव्हर्त्यूर हा स्वतः गुलामीतून वर आलेला सेनानी कारभार चालवत होता. नेपोलियनने आपला मेव्हणा लक्लेर्क याला मोठी फौज देऊन धाडले. बोलणी करायला बोलावून तुसाँला पकडले आणि फ्रान्सच्या थंड डोंगरातल्या किल्ल्यात ठेवले. ७ एप्रिल १८०३ रोजी तो तिथेच वारला. पण लक्लेर्क स्वतः पिवळ्या तापाने गेला, फौज रोगाने आणि लढाईने संपली, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. युरोपातले बलाढ्य राजे ज्याच्यापुढे वाकत होते त्याचा पहिला मोठा पराभव केला तो एके काळच्या गुलामांनी. आपल्या शाळेच्या पुस्तकात वॉटर्लू होते, हैती नव्हते. बाकीच्या फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी संपायला १८४८ उजाडले.

लढायांबद्दल थोडक्यात बोलू. त्या सर्वांना पाठ आहेत. डिसेंबर १८०४ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला, डिसेंबर १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झ जिंकले. १८०८ मध्ये स्पेनच्या गादीवर आपला भाऊ बसवला आणि तिथे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी त्याला पाच वर्षे झोप येऊ दिली नाही. जून १८१२ मध्ये सहा लाखांहून अधिक सैन्य रशियाकडे निघाले. निम्मे फ्रेंच, बाकीचे जर्मन, पोलिश, इटालियन, ज्यांना ही लढाई कशाची हे कोणी सांगितले नव्हते. मॉस्को मिळाले ते जळणारे. परतीच्या वाटेवर थंडी, भूक आणि टायफस. शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअरने १८६९ साली या मोहिमेचा एक नकाशा काढला. जाणारे सैन्य जाड पट्ट्याने आणि परतणारे काळ्या पट्ट्याने दाखवले. पट्टा बारीक होत होत शेवटी दोऱ्याएवढा उरतो. चार लाख बावीस हजारांचे दहा हजार! हा नकाशा कुठे पाहायला मिळाला तर आपल्या नातवंडांना जरूर दाखवा. १८१४ पर्यंत फ्रान्समध्ये मिसरूड न फुटलेली पोरे भरती होत होती.

आता जरा घराकडे वळू, कारण युरोपातल्या या वादळाचा एक झोत आपल्या अंगणातूनही गेला आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून डी बॉईन या सव्हॉयच्या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना कंपू म्हणत. आपल्या लष्करातल्या कंपू भागात राहणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. डी बॉईननंतर पेरॉन हा फ्रेंच माणूस त्या फौजेचा सेनापती झाला आणि अलीगढ भागाचा कारभारही पाहू लागला. इकडे इजिप्तमध्ये उतरलेल्या नेपोलियनने जानेवारी १७९९ मध्ये कैरोहून टिपू सुलतानला पत्र पाठवले. ते टिपूच्या हाती पडलेच नाही, इंग्रजांच्या हाती पडले, आणि ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले. हैदराबादेत निजामाची रेमंडने उभारलेली फ्रेंच पलटण तर १७९८ मध्येच इंग्रजांनी मोडली होती. गव्हर्नर-जनरल वेलस्ली याला यमुनेकाठी पेरॉनचे ‘फ्रेंच राज्य’ दिसू लागले. नेपोलियन खरोखर येणार होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याचे नाव पुरेसे होते. १८०३ मध्ये युद्ध झाले. ज्या पेरॉनचा एवढा बाऊ केला, तो ऐन युद्धाच्या तोंडावर नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाने निघून गेला. लढले ते आपले शिपाई. २३ सप्टेंबरला असई येथे, नोव्हेंबरमध्ये लासवारी आणि अडगाव येथे. असईला समोर होता आर्थर वेलस्ली, गव्हर्नर-जनरलचा धाकटा भाऊ. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनपुढे उभा राहिला. म्हातारपणीही तो असईची लढाई आपल्या सर्वोत्तम कामगिरीत मोजत असे.

डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी फ्रेंच माणसाला चाकरीत ठेवू नये असे कलम घातले गेले. मुलूख गेला, दिल्ली-आग्रा गेले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा पडला. त्या तळाचे नाव लष्कर. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळपुरुष त्या तळाबरोबर आले. आमच्याही घरी तेच सांगतात. पलटणीत होते की पलटणीच्या हिशेबाला, यावर मात्र दोन चुलत घराण्यांचे एकमत नाही.

शेवटचा भाग नेपोलियनच्या मरणानंतरचा आहे, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८ जून १८१५ च्या वॉटर्लूनंतर इंग्रजांनी त्याला दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर ठेवले. ५ मे १८२१ रोजी पोटाच्या विकाराने तो वारला. त्या पावणेसहा वर्षांत त्याच्या हाती तलवार नव्हती, पण ऐकणारे होते. लास काझ नावाचा त्याचा सहकारी संभाषणे टिपून ठेवी. ते पुस्तक १८२३ मध्ये निघाले आणि तडाखेबंद खपले. त्यात नेपोलियन क्रांतीचा रक्षक, राष्ट्रांचा मुक्तिदाता, शांतता हवी असूनही लढावे लागलेला राजा असा दिसतो. ७३ पैकी ६० वर्तमानपत्रे बंद करणारा माणूस त्यात ओळखू येत नाही. १८४० मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला आणून मोठ्या समारंभाने ठेवले.

आठ वर्षांनी, डिसेंबर १८४८ मध्ये, फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सर्व प्रौढ पुरुषांना मत होते. एक उमेदवार असा होता की त्याच्या पदरी दोन फसलेली बंडे आणि काही वर्षांची कैद एवढीच कामगिरी. पण आडनाव बोनापार्त, नेपोलियनचा पुतण्या! पन्नास लाखांहून अधिक मते, जवळजवळ तीनचतुर्थांश. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १८५१ रोजी, त्याने लोकसभा मोडली, काकासारखे सार्वमत घेतले, आणि पुढच्या वर्षी सम्राट झाला. १८७० मध्ये सेदानच्या लढाईत प्रशियाच्या हाती कैद झाला. काकाचे पराभव लोक विसरले होते. दबदबा तेवढा लक्षात राहिला होता.

फ्रान्समध्ये हा वाद आजही मिटलेला नाही. २००५ मध्ये ऑस्टरलिट्झच्या द्विशताब्दीला राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही गेले नाहीत. ५ मे २०२१ रोजी, मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी समाधीवर पुष्पचक्र वाहिले, पण त्याच दिवशीच्या भाषणात गुलामगिरी परत आणणे ही चूक होती, असे स्वच्छ सांगितले. हा गौरव नव्हे, स्मरण आहे, असा त्यांचा सूर होता. त्यावरही दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले. एका बाजूला फुले खटकली, दुसऱ्या बाजूला भाषण.

कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत. प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारावेत. आणि येत्या रविवारी तो विषय पुन्हा निघेलच, तेव्हा आम्ही असूच.